दहाव्या दिवसाचे चोंगे



सणाचा गोड पदार्थ, त्याचा उगम आणि त्याची परंपरा, असा विषय मला सुचवला गेला, तेव्हा सुचवणाऱ्यांच्या मनात बहुधा शिरखुर्मा असावा. मुसलमान कवी म्हटला की ईद, आणि ईद म्हटली की शिरखुर्मा, हा हिशेब आता पक्का झाला आहे. शिरखुर्म्याशी माझं काही वैर नाही. पण त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि तो पाजून झाल्यावर फोटो काढणारेही पुष्कळ आहेत. मी आज चोंग्यांबद्दल बोलणार आहे.

चोंगा म्हणजे गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेची तळहाताएवढी जाड पोळी. कोरीव लाकडी साच्यावर दाबल्यामुळे तिच्या अंगावर फुलं-पाकळ्या उमटलेल्या असतात. मंद आचेवर भाजायची, तूप सोडायचं, वरून खसखस. काही घरांत भाजण्याऐवजी तळतात. मराठवाड्यात, सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे आणि खाली कर्नाटकात मोहरमच्या दिवसांत हे चोंगे होतात. माझ्या वयाच्या श्रोत्यांपैकी ज्यांचं बालपण या भागातल्या खेड्यात गेलं, त्यांना एव्हाना वास आला असेल. तरुण श्रोत्यांना शब्दच नवा वाटेल. साखरेचा पाक नाही, खवा नाही, काजू नाहीत, त्यामुळे मिठाईच्या दुकानात चोंगा कधी पोचला नाही.

आता पहिली अडचण. मोहरम हा सण आहे का? तर नाही. हिजरी सन ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे इसवी सन ६८० च्या ऑक्टोबरमध्ये, करबलाच्या मैदानात पैगंबरसाहेबांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले. त्यांचं पाणी तोडलं होतं. म्हणून त्या दिवशी गावोगाव सरबताचे माठ भरतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजतात. तहानेची आठवण पाणी देऊन काढायची, हे कुणालाही पटेल. पण गोड पोळी कशासाठी? दुःखाच्या दिवशी तुपाचा वास कशाला?

लहानपणी मी हा प्रश्न दादीला विचारला होता. ती म्हणाली, "आपन खाने को थोडेच बनाते? बाँटने को बनाते." मला तेव्हा ते उत्तर अपुरं वाटलं. आता वाटतं, तिनं मुद्द्याचं तेवढंच सांगितलं होतं.

कारण जगभर तसंच दिसतं. आपल्याकडं पितृपक्षात खीर-वडे होतात, ते काही आनंदाचे नसतात. गेलेल्याच्या नावानं गोड रांधायचं आणि दुसऱ्याच्या मुखी घालायचं, हा त्याचा अर्थ. इंग्लंडात गुड फ्रायडेला, येशूला सुळावर चढवल्याच्या दिवशी, वर क्रूस काढलेले बेदाण्याचे गोड पाव खातात. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला मृतांचा दिवस असतो, तेव्हा हाडांच्या आकाराचे कणकेचे तुकडे वर लावलेला गोड पाव करतात. तुर्कस्तानात तर मोहरमच्या दहाव्या दिवसाचं नाव घेऊनच एक पक्वान्न आहे, आशुरे. गहू, हरभरे, घेवडा, सुका मेवा एकत्र शिजवलेली खीर. त्यांची कथा अशी, की महापूर ओसरला तेव्हा नूह पैगंबरांच्या तारवात जे काही शिल्लक होतं ते सगळं एका भांड्यात शिजवलं. ही खीरही तिथं वाट्या भरभरून शेजाऱ्यांना पाठवतात. दादी काही तुर्कस्तानला गेली नव्हती. ती तुळजापूर-पंढरपूरच्या पलीकडं गेली नव्हती.

आशुरा या शब्दाचा अर्थच दहावा. आणि आपल्या मराठीत गुळाच्या पाण्यात किंवा दुधात भिजवलेल्या पोळीला काय म्हणतात? दशमी! हा निव्वळ योगायोग आहे, भाषाशास्त्रज्ञांनी माझ्यावर धावून येऊ नये. पण चोंगा आणि गुळाची दशमी या सख्ख्या बहिणी आहेत, हे कुणीही स्वयंपाक करणारी बाई मान्य करील. पिठात साधं पाणी नाही, गूळ आहे, तूप आहे, म्हणून दोन्ही टिकतात. दशमी प्रवासाला निघते, चोंगा गावभर फिरतो.

आमच्या घरी चोंग्यांची तयारी चंद्र दिसल्यापासून सुरू व्हायची. चंद्र दिसला की कुदळ मारतात, म्हणजे अलाव्याचा खड्डा खणायला पहिली कुदळ पडते. पुढं पंजे बसतात, डोले सजतात, ढोल-ताशे घुमू लागतात. घरात मात्र त्या दिवसांत बायका गहू निवडत बसलेल्या. आमचा मुलूख ज्वारीचा. गहू हे तेव्हा सणावाराचं धान्य होतं, रोजच्या ताटातलं नव्हतं, त्यामुळे गहू निवडताना लहान पोरांना त्या सुपाजवळही फिरकू देत नसत. नवव्या दिवशी दुपारी गूळ चिरून कोमट पाण्यात विरघळवायचा, फडक्यातून गाळायचा. किलोभर कणकेला चारशे ग्रॅमच्या आसपास गूळ. कडकडीत तुपाचं मोहन, बडीशेप, वेलची, थोडी सुंठ. पीठ घट्ट मळायचं. सैल झालं तर साच्याचं फूल उमटत नाही आणि फार घट्ट झालं तर कडा फाटतात.

साचा म्हणजे एक सागवानी फळी. हातभर लांब, वीतभर रुंद, एका बाजूला आठ पाकळ्यांचं फूल कोरलेलं, दुसऱ्या बाजूला जाळी. गावातल्या सुतारानं आजोबांच्या काळात कोरून दिलेली. पिठाची लाटी फळीवर ठेवायची आणि तळव्यानं दाबायची. माझ्या बहिणी जोर लावून दाबायच्या, तेव्हा दादी ओरडायची, "इत्ता जोर नक्को लगा, फूल मर जाता." श्रोतेहो, हे 'नक्को' बघा. दख्खनी बोलीनं आपल्या मराठीतला 'नको' उचलला आणि एका 'क'ला दोन केले, जास्त ठाम वाटावं म्हणून. ज्यांच्याकडं साचा नव्हता त्या बायका सुपाच्या पाठीवर दाबायच्या, नाहीतर नव्याकोऱ्या लाकडी कंगव्यानं टोचे मारायच्या.

ही नक्षी केवळ शोभेची नाही. जाड पोळी भाजताना टम्म फुगली तर वरचा पापुद्रा करपतो आणि आत कच्ची राहते, त्यात गुळाचं पीठ फार लवकर लाल होतं. नक्षीच्या खाचांमुळे पोळी फुगत नाही, खाचेतला पातळ भाग आधी भाजतो, तूप तिथं साठतं, खसखस तिथं चिकटते. सुताराला आणि दादीला हे ठाऊक होतं. मला बी. ए. होऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

चोंगे आमच्याकडं मातीच्या तव्यावर भाजत, आणि तवा कुंभारवाड्यातून यायचा. तेरमध्ये राहून कुंभाराचं नाव नुसतं घेऊन पुढं जाता येत नाही. हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांची समाधी इथं आहे. गोरोबाकाकांनी जमलेल्या संतमंडळींची डोकी थापटण्यानं तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आमची दादी चोंगा तव्यावरून उतरवण्याआधी नखानं टिचकी मारून बघायची. आवाज बसका आला तर म्हणायची, "रहने दे, अभी नामदेव है." पाच वेळा नमाज पढणारी बाई. तिला यात काही विशेष वाटत नसे, आम्हालाही नाही. गावात ज्या गोष्टी बोलल्या जात, त्याच ती बोलायची.

तेरचा आणि साच्याचा संबंध याहूनही जुना आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं बाजारपेठेचं गाव सांगितलं आहे, तिथून कापड भडोच बंदराकडं जात असे. ते तगर म्हणजे तेर, हे फ्लीटसाहेबांनी १९०१ मध्ये मांडलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जा. सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती तिथं आहेत. पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही जोडून भाजायचं. त्या बघताना माझ्या डोळ्यांपुढं आमची फळी येते. ओली वस्तू साच्यात दाबायची आणि विस्तवावर पक्की करायची, हा उद्योग या गावाला दोन हजार वर्षांपासून येतो. चोंगे दोन हजार वर्षांचे आहेत असं मी म्हणत नाही. मी कवी आहे, पण इतका नाही.

मग चोंग्यांचं मूळ कुठलं? दोन धागे दिसतात. एक पदार्थाचा, दुसरा दिवसाचा.

पदार्थाचा धागा इथलाच आहे. तेरपासून कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, काही फार लांब नाही. तिथं बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या जेवणाचं वर्णन आहे. गव्हाच्या पिठाच्या पोलिका आणि मांडे त्यात आहेत. हरभऱ्याच्या डाळीचं वाटण कणकेत भरून तव्यावर भाजलेल्या वेष्टिकाही आहेत, त्या आपल्या पुरणपोळीच्या पूर्वज मानल्या जातात. म्हणजे कणीक, गोड आणि तवा हे त्रिकूट दख्खनमध्ये इस्लाम रुजण्याच्या आधीपासून आहे. सांजोरी, साटोरी, पुरणपोळी, दशमी, त्याच घरातला चोंगा.

दिवसाचा धागा बाहेरून आला. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, या तिन्ही दरबारांत शिया पंथाला राजाश्रय मिळाला. आमचा जिल्हा या सुलतानांच्या सीमेवरचा. नळदुर्ग आदिलशाहीत, परंडा निजामशाहीत. मोहरमचे पंजे, डोले, आशूरखाने या दरबारांतून गावोगाव उतरले. हैदराबादचा बादशाही आशूरखाना त्याच शतकाच्या अखेरीस कुतुबशहानं बांधला. पुढं निजामाचं राज्य आलं, ते १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिलं. राजे शिया होते, नंतर सुन्नी झाले, शेवटी गेलेच. पण गावानं मोहरम सोडला नाही. गावात शिया घर एकही नसलं तरी पंजे बसत. आम्ही स्वतः सुन्नी, जातीनं नदाफ, कापूस पिंजणारे. आमच्या गल्लीत पंजा धरणारे मुसलमान होते, आणि फकीर होऊन, गळ्यात हिरवा नाडा घालून दहा दिवस गादीवर न झोपणारे मराठे आणि माळीही होते.

एलूरूचे जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेलं 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक १८३२ मध्ये लंडनला इंग्रजीतून छापलं गेलं, हर्कलॉट्स नावाच्या डॉक्टरांनी त्याचा अनुवाद केला. त्यात मोहरमच्या दहा दिवसांचं इतकं सविस्तर वर्णन आहे, की वाघाची सोंगं घेऊन नाचणारेही सुटलेले नाहीत. ते वाचताना मला वाटत होतं, हा माणूस आमच्याच वेशीत उभा राहून लिहितोय.

चोंग्याचा भाऊ म्हणजे मलिदा. पोळी किंवा रोट कुस्करून त्यात गूळ-तूप घालायचं. फारसीत 'मालीदन' म्हणजे चोळणं, चुरणं. दर्ग्यात उरसाला मलिदा असतोच. पण गंमत अशी, की कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, एलियाहू हानवीच्या नावानं जो प्रसाद करतात त्यालाही मलिदाच म्हणतात. त्यांचा पोहे, खोबरं आणि फळांचा. मुसलमान, ज्यू, दोघांनी शब्द पवित्र कामाला लावला. मराठी भाषेनं मात्र त्याला सरकारी कचेरीत नेऊन बसवलं. आता मलिदा म्हटलं की टेबलाखालून काय गेलं तेवढंच लोकांना आठवतं. चोंगा या बदनामीतून वाचला, कारण तो टेबलाखालून देता येत नाही, वास येतो.

मोहरमला ऋतू नाही, ही एक मोठी गोष्ट आहे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगात दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास अधिक महिना घालून चंद्राला ऋतूशी बांधून ठेवतात. हिजरीत तसं नाही. त्यामुळं मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दिवाळी कायम थंडीतच, होळी कायम उन्हाच्या तोंडाशीच. चोंगा मात्र मी सगळ्या हवांत खाल्ला आहे. मी अगदी लहान असताना, १९७५ ते ८० च्या सुमारास, मोहरम थंडीत यायचा. गुऱ्हाळं चालू असायची, नवा गूळ, चुलीपुढं बसायला हौस. मग तो दसऱ्यात आला, मग गणपतीत आला, मग भर पावसाळ्यात, ओल्या काटक्यांचा धूर, अम्माचे डोळे लाल. मग उन्हाळ्यात, तेव्हा गुळाला पाणी सुटायचं. २००९ मध्ये तर मोहरमचा दहावा दिवस एकाच इंग्रजी वर्षात दोनदा आला, जानेवारीत आणि डिसेंबरात. अम्मा म्हणाली, "साल में दो बार? गेहूँ तो एकीच बार आता."

सगळ्यात अवघड मोहरम कुठला, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिनं क्षणाचाही विचार न करता बाहत्तरच्या दुष्काळातला सांगितला. तो दहावा दिवस १९७३ च्या फेब्रुवारीत पडला होता. मी रांगत होतो. घरात गहू नव्हता. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. दादी म्हणाली, दिवस चुकवायचा नाही. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो, साच्यावर दाबलं की लाटीचे चार तुकडे. शेवटी फळी बाजूला ठेवली, हातावर थापून अकरा चोंगे केले. गूळ शेजारच्या माळ्याच्या घरून आला. त्या अकराचेही तुकडे करून वाटले. त्या वर्षी फूल उमटलं नाही, एवढंच अम्मा शेवटी म्हणायची. भुकेबद्दल ती काही बोलली नाही.

वाटण्याबद्दल बोललं पाहिजे. फातेहा झाला की ताटं निघायची. एका ताटात पाच चोंगे, वर फडकं. ज्या घरी नवस असायचा, त्यांची तऱ्हा वेगळी. मूल व्हावं, दुखणं हटावं, म्हणून पंज्याला नवस बोललेली हिंदू घरं पुष्कळ होती. ती स्वतःची कणीक, गूळ, तूप आमच्याकडं आणून द्यायची. चोंगे आमच्या चुलीवर व्हायचे, फातेहा त्यांच्या नावानं. माळ्याच्या घरच्या आजी दरवर्षी अडीच किलो कणीक आणायच्या, नातू झाल्याबद्दल. तो नातू आज पन्नाशीला आला आहे.

जुन्या काळचं सगळंच गोड होतं, असं मात्र मी सांगणार नाही. आमच्या हातचं शिजलेलं न खाणारी घरंही होती. त्यांच्याकडं चोंगे नाही, शिधा जायचा. कोरडी कणीक, गूळ, तुपाची वाटी. ते आनंदानं घ्यायचे आणि त्याची दशमी करायचे. कुणाला कुणाचा राग नव्हता, पण चुलीची सीव दोघांनाही माहीत होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आमचं ताट जायचं, पण सगळ्यात शेवटी जायचं, हेही नोंदवून ठेवतो. ताटाला गावाच्या वाटा ठाऊक होत्या.

आज अडचण वेगळी आहे. ती दोन्ही बाजूंनी आहे. आमच्या घरातलाच एक तरुण, चांगला शिकलेला, मला म्हणाला, "चाचा, याला धर्मात आधार काय? आशुऱ्याचा रोजा ठेवा, ते बरोबर. चोंगे कशाला?" त्याचं वाचन माझ्यापेक्षा जास्त आहे. रोज्याचं तो म्हणतो ते खरंच आहे, नवव्या-दहाव्याचा रोजा आम्ही सुन्नी ठेवतोच. मी त्याला एवढंच म्हणालो, की चोंगा धर्माचा आहे असा दावा मी कधी केला नाही. तो घराचा आहे. तुझ्या पणजीनं मिलोचा केला होता. धर्मात नाही म्हणून पुरणपोळीही बंद करायची का, जी आपल्या घरी होळीला शेजारून येते आणि तू तीन खातोस? तो हसला. पटलं नाही त्याला, पण त्यानं फळी धुऊन दिली.

दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी, जिल्ह्याच्या ठिकाणी एका नव्या वसाहतीत आम्ही काही काळ भाड्यानं राहिलो. माझ्या पत्नीनं सवयीनं शेजारी ताट दिलं. घेणाऱ्या बाईंनी हसून घेतलं. दार लोटलं गेलं आणि आतून पुरुषाचा आवाज आला, "त्यांच्यातलं आहे, ठेव तिकडं बाजूला." पत्नी जिन्यातच उभी होती. तिनं घरी येऊन मला सांगितलं नाही, चार दिवसांनी सांगितलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी तिथं शिधा देऊ. ती म्हणाली, "शिधा ते मागतील तर देऊ. मी चोंगेच देणार." आणि पुढच्या वर्षी दिले. त्या वेळी दार बाईंनीच उघडलं आणि विचारलं, "यात खसखसच असते ना? मागच्या वेळी पोरांनी ओळखायची पैज लावली होती." म्हणजे खाल्ले होते. घरातल्या सगळ्यांनी की फक्त पोरांनी, ते आम्ही विचारलं नाही.

हा पदार्थ असा आहे, की तो करणाऱ्याच्या हातात निम्माच असतो. पुरणपोळी घरच्यांनी खाल्ली तरी सण झाला. चोंगे घरातच संपले तर दादीच्या भाषेत ते चोंगे नाहीत, नुसत्या गोड रोट्या. तो पलीकडच्या दारात कुणीतरी घ्यावा लागतो. म्हणून मला त्याची काळजी वाटते. कृती कुणीही लिहून ठेवील, साचाही संग्रहालयात ठेवता येईल. घेणारा हात कुठं ठेवणार?

तरी पंचांगं अधूनमधून मदतीला येतात. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून मोहरमचा दहावा दिवस बहुतेक शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच पडतो. कुठल्या महिन्याची, तेवढं बदलत जातं. २०१६ आणि २०१७ मध्ये दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच मोहरम आला. २०१८ ते २०२० ही तीन वर्षं तो गणेशोत्सवात होता, विसर्जनाच्या दोन दिवस आधी. मोदक इकडं, चोंगे तिकडं. त्यातलं २०२० कोरोनाचं, ना मिरवणूक ना ताट. आणि मग २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला, लागोपाठ दोन वर्षं, मोहरमचा दहावा दिवस आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली.

आता आली का पंचाईत! आमच्या गल्लीत वारकरी घरं. आषाढीला गव्हाची पोळी कोण खाणार? इकडं आमचा रोजा. देणारेही उपाशी आणि घेणारेही उपाशी. २०२४ ला काय करावं कळेना, तेव्हा अम्मानं निकाल दिला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणाली, दशमी आणि नवमी यांच्या घरी एकदमच आल्यात, तर करायचं ते आज करून ठेवा, खायचं त्यांनी बारशीला खावं. चोंगा काय शिळा होतो का? फातेहा वेळेवर झाला, ताटं संध्याकाळी दिली, आणि प्रत्येक घरात ती देवघराजवळ किंवा फळीवर झाकून राहिली, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. माळ्याच्या घरच्या सूनबाईंनी तर आदल्या दिवशीच निरोप पाठवला होता, की चोंगे जरा जास्त भाजा, रात्रभर राहायचेत.

२०२५ ला तसंच केलं. फक्त या वेळी साचा नवा होता, जुन्या फळीला उभी चीर गेली होती. नवा साचा करायला सुतार मिळेना. शेवटी लातूरला दारांवर नक्षी काढणाऱ्या यंत्रावर एका तरुणानं कोरून दिला. त्यानं विचारलं, "बिस्किटाचा का?" फूल अगदी रेखीव आलंय, आठही पाकळ्या सारख्या. जुन्या फळीत एक पाकळी लहान होती, ती यात नाही. खाचा मात्र थोड्या उथळ आहेत, तूप कमी धरतात.

द्वादशीला सकाळी माळ्याच्या घरचा पोरगा ताट परत घेऊन आला. रिकामं ताट परत करायचं नाही, ही रीत त्यांच्याकडं अजून आहे. ताटात मूठभर साखर होती आणि आईचा निरोप होता, की या वर्षीचे चोंगे फार कडक झालेत, आजीसाठी दुधात भिजवावे लागले.